टेलिफोनची पंगत सांभाळणारी विदुषी

टेलिफोन आणि स्त्री यांचे नाते फार जुने आहे. १ सप्टेंबर १८७८ रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर रुजू झाली. पुढे कित्येक दशके टेलिफोन जोडून देण्याचे काम अनेक देशांत स्त्रियांनीच केले. गर्दी झाली की कोणाला आधी जोडायचे, कोणाला थांबवायचे, याचे तारतम्य त्या राखीत.

मग स्वयंचलित यंत्रे आली. १९६५ साली न्यू जर्सीतील सकासुना येथे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू झाले आणि कारभार गणकयंत्राकडे गेला. नवा कॉल टिपणे, आकडे घेणे, जोडणी करणे, बिलाची नोंद ठेवणे ही सारी कामे एकच गणक आळीपाळीने करी. पण कॉलांचा लोंढा आला की यंत्र सगळीच कामे अंगावर घेई आणि एकही धड पुरे होत नसे. आग किंवा वादळ आले की सगळे एकदम टेलिफोनकडे धावतात. नेमक्या त्याच वेळी केंद्र बंद पडले तर?

हा पेच डॉ. अर्ना हूव्हर यांनी सोडविला. १९२६ साली जन्मलेल्या या विदुषीने आधी मध्ययुगीन इतिहास शिकला आणि १९५१ साली येल विद्यापीठात तत्त्वज्ञान व गणिताचा पाया या विषयांत डॉक्टरेट मिळविली. १९५४ साली त्या बेल प्रयोगशाळेत गेल्या. मुलीच्या जन्मानंतर इस्पितळात असतानाच त्यांनी या योजनेचे पहिले आराखडे काढले, असे सांगतात.

योजना आपल्या पंगतीसारखी आहे. वाढपी किती गुंतले आहेत हे पाहूनच यजमान पुढची पाने मांडतो. पाहुणे जेवत असताना किराण्याचा हिशेब कोणी काढीत नाही. तसेच हे यंत्र आपल्यावरील भार सतत मोजी आणि त्या मानाने नवे कॉल कमीजास्त घेई. कॉल घेणे व जोडणे आधी. नोंदी आणि बिले मागाहून.

२३ नोव्हेंबर १९७१ रोजी त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. संगणकाच्या आज्ञावलीसाठी दिलेल्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. १९७८ साली बेल प्रयोगशाळेतील तांत्रिक विभागाच्या त्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या.

कोणते काम आधी आणि कोणते मागाहून, हे घर चालविणाऱ्या बाईला रोजचेच आहे. तेच शहाणपण गणिताच्या भाषेत यंत्राला शिकविले, हे हूव्हरबाईंचे मोठेपण.