कोणता शेर?

आपल्या घरी आजीच्या किंवा पणजीच्या हातची पाककृतींची वही असेल, तर तीत अनारशांची नोंद बहुधा अशी सापडेल : तांदूळ एक शेर, गूळ एक शेर. ओळ साधी आहे. पण ती किलोत उतरवायला बसलो की पहिलाच प्रश्न अडतो. हा शेर कोणता?

मराठी घरात शेर दोन होते, एक मापी आणि एक वजनी. धान्य मापाने मोजत. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. गूळ मात्र ढेपेतून फोडून घ्यायचा, तो मापात कसा बसणार? त्याला तराजूच हवा. म्हणजे एकाच ओळीतले दोन शेर दोन जातींचे असू शकतात.

वजनी शेरही गावोगाव वेगळा. १९३९ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात ८० तोळ्यांचा शेर प्रमाण ठरवला. तो आजचे सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. जुना मुंबई मण २८ पौंडांचा आणि चाळीस शेरांचा, म्हणजे तिथला शेर ३१८ ग्रॅमच्या आसपास. गुजरातेतला शेर सुमारे ४० तोळ्यांचा, पक्क्या शेराच्या निम्मा. वडोद्याच्या बाजारात आजही मण म्हटले की वीस किलो समजतात, ते याच हिशेबाचे अवशेष. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून दशमान वजने आली आणि १९६२ पर्यंत शेर बाजारातून उठला. स्वयंपाकघरात त्याची जागा वाटीने घेतली. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले.

वाटी सोयीची खरी, पण तीही मापच. २४० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २४० ग्रॅम मावते, तांदूळ किंवा साखर सुमारे २००, तर चाळलेली कणीक जेमतेम सव्वाशे. म्हणून ‘एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम’ असा एकच आकडा सर्व जिनसांना लावता येत नाही. त्यात माप शिगेचे की सपाट, हा भेद आणखी वेगळा.

मग वहीतली ओळ सोडवायची कशी? उत्तर अनारसाच देतो. त्याला तांदूळ आणि गूळ साधारण समभार लागतात. गूळ वाढला की अनारसा तुपात हसतो, कमी पडला की कडक होतो. घरात शेराचे जुने माप असेल, तर ते तांदळाने सपाट भरून वजनकाट्यावर ठेवा. भरलेले वजन पक्क्या शेराजवळ आले, तर वहीतला गूळही पक्क्या शेराचा. निम्म्याजवळ आले, तर तो गुजरातेतल्या शेराचा.

यातून केवळ गुळाचे वजन कळणार नाही. वही लिहिणारी बाई माहेरचा शेर घेऊन आली होती, की सासरच्या बाजाराचा तिने आपलासा केला होता, याचीही खूण त्यात मिळेल. स्थलांतराची अशी नोंद कोणत्याही दप्तरात नसते. म्हणून माळ्यावरची मापे मोडीत देण्याआधी एकदा भरून तोला, आणि आलेला आकडा त्या वहीच्या समासात लिहून ठेवा.