गिरणगावातील सोशल सर्व्हिस लीग

मुंबईच्या गिरणगावात संघटित समाजसेवेची परंपरा घडवणाऱ्या संस्थांमध्ये सोशल सर्व्हिस लीगचे स्थान फार वरचे आहे. लीग १९११ साली नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. अध्यक्षपदी न्यायमूर्ती नारायण चंदावरकर होते. पुण्यात १९०५ साली नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे जोशी १९०९ पासून सदस्य होते. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा जन्म, पुण्यातील शिक्षण आणि काही वर्षांची शिक्षकी, एवढ्या शिदोरीवर ते मुंबईत आले. चंदावरकरांच्या मागे प्रार्थना समाजाची आणि विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या अध्यक्षपदाची पुण्याई होती. लीगचा पिंड या मंडळींनी घडवला. सुशिक्षित मध्यमवर्गाने आपला फुरसतीचा वेळ गरिबांच्या वस्तीत घालवावा, हा त्यांचा आग्रह होता.

ही वस्ती कशी होती, हे कळल्याशिवाय लीगच्या कामाचे मोल कळत नाही. १८९६ च्या प्लेगने शहराची घाण चव्हाट्यावर आणली. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, रस्ते रुंद झाले, पण गिरणी कामगाराचे घर म्हणजे चाळीतील एक खोली, हे समीकरण सुटले नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. जेवण खानावळवालीकडे, उसनवारी वाण्याकडे, कर्ज सावकाराकडे किंवा पठाणाकडे. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर अंधार पडला की काम थांबायचे, हा निसर्गाचा नियमही उरला नाही. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. त्या काळी हीच मोठी सुधारणा ठरली.

लीगने सुरुवात शिक्षणापासून केली. कामावरून सुटलेल्यांसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये काढली. पुस्तके पेट्यांत भरून चाळीचाळीत न्यायची, ठरलेल्या मुदतीनंतर पेटी पुढच्या वस्तीत पाठवायची, अशी ही योजना. ग्रंथालयापर्यंत जाण्याचे त्राण ज्याच्या अंगात उरलेले नाही, त्याच्या दारी ग्रंथालय नेण्याचा हा विचार आजही शहाणपणाचा वाटतो. वाचता न येणाऱ्यांसाठी मॅजिक लँटर्नची व्याख्याने होत. चाळीच्या अंगणात पडदा बांधून काचेवरची चित्रे मोठी करून दाखवायची आणि डास, क्षय, पाण्याची स्वच्छता, दारूचे दुष्परिणाम हे विषय सोप्या मराठीत समजावून सांगायचे.

आखाडे, मुलांची मंडळे, वस्तीतील स्वच्छता, औषधोपचार आणि मोफत कायदेशीर सल्ला ही कामेही हळूहळू जोडली गेली. त्यांत कायदेशीर सल्ल्याचे महत्त्व विशेष मानले पाहिजे. पगार कापला गेला, घरमालकाने बाहेर काढले, सावकाराने खोटा कागद केला, तर कामगाराला विचारायला कोणीच नव्हते. कर्जाच्या फासावर उतारा म्हणून सहकारी पतपेढ्या काढल्या गेल्या. होळीत दारू आणि शिवीगाळीला पर्याय म्हणून खेळ आणि करमणुकीचे कार्यक्रम भरवले गेले. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने शहर अंथरुणाला खिळले, तेव्हा मदतकार्यात लीगचे स्वयंसेवक होते. करीमभॉय आणि टाटा या उद्योगसमूहांच्या गिरण्यांतील कामगारांसाठीच्या कल्याण संस्था चालवण्याचे कामही लीगकडे आले.

या साऱ्या कामात वरून खाली पाहण्याची एक नजर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. कामगाराने काय वाचावे, सण कसा साजरा करावा, पैसा कशावर खर्चावा, हे गिरगावातला पदवीधर ठरवत होता. गिरणीमालकांच्या देणग्या घेऊन मालकांशी भांडायचे कसे, हा पेचही होता. मात्र जोशींचे मोठेपण असे की या कामातून निघणाऱ्या प्रश्नांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्रशाळेत डोळे उघडे ठेवू शकत नाही. पतपेढी कितीही चांगली असली, तरी मजुरीत महिना निघत नसेल तर कर्ज होणारच. सेवेची मर्यादा अशी रोज समोर येत गेली आणि जोशी तासांच्या, मजुरीच्या, कायद्याच्या प्रश्नाकडे वळले.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस अर्थात आयटक या कामगार संघटनेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत जोशी होते आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीसही होते. १९२१ पासून केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून त्यांनी पाव शतक काम केले. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक त्यांनी १९२४ मध्ये मांडले, ते फेटाळले गेले. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, या त्यांच्या मागणीला मात्र १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने यश आले. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. १९२८ च्या प्रदीर्घ संपात गिरणी कामगार युनियन आणि कम्युनिस्ट पुढारी आघाडीवर आले आणि जोशींचा मवाळ मार्ग मागे पडला. पण युनियनच्या झेंड्याखाली जमलेल्या कामगारांच्या वस्तीत अर्ज, हिशेब आणि सभेचे कामकाज यांची ओळख त्याआधीच करून देण्यात लीगच्या शाळा आणि पतपेढ्यांचा वाटा मोठा आहे.

लीगची सर्वांत ठळक खूण म्हणजे परळचा दामोदर हॉल. १९२२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या सभागृहाला गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील दामोदर ठाकरसी मुळजी यांचे नाव मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर संस्था काढण्यासाठी ९ मार्च १९२४ रोजी बोलावलेली सभा याच हॉलमध्ये झाली. तिच्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली आणि तिचे कार्यालयही येथेच होते. समाजसेवेसाठी बांधलेल्या वास्तूत स्वाभिमानाच्या चळवळीला जागा मिळाली, हे लीगच्या इतिहासातील अभिमानाचे पान आहे.

याच हॉलने कामगार रंगभूमीला घर दिले. दिवसा साच्यावर उभे राहणारे कामगार रात्री तालमी करत आणि येथे नाटक उभे करत. सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्थांचे काम या परिसरात वाढले. कोकणातून आलेले दशावतार आणि नमन यांना शहरात हक्काचा रंगमंच मिळाला तो येथेच. गावची मंडळे तिकिटे खपवून प्रयोग लावत आणि जमलेला पैसा गावातील शाळा, देऊळ, विहीर अशा कामांसाठी पाठवत.

नारायण मल्हार जोशी १९५५ मध्ये निवर्तले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि ज्यांच्यासाठी लीग जन्मली तो वर्गच परळ-लालबागमधून विखुरला. लीगचे शैक्षणिक काम पुढेही चालू राहिले. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. तेथे नाट्यगृहच पुन्हा उभे राहावे यासाठी रंगकर्मी आणि जुन्या नाट्यसंस्था रस्त्यावर उतरल्या.