पार्श्वभूमी : पेनसिल्व्हेनियातील चर्च आणि धार्मिक विविधता

अमेरिकेच्या ईशान्य भागातील पेनसिल्व्हेनिया या राज्याची पायाभरणी धार्मिक स्वातंत्र्याच्या तत्त्वावर झाली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६८१ मध्ये हा प्रदेश विल्यम पेन यांना दिला. क्वेकर पंथाचे अनुयायी असलेल्या पेन यांनी श्रद्धेपायी इंग्लंडमध्ये तुरुंगवास भोगला होता. आपल्या वसाहतीत त्यांनी कोणत्याही पंथाला राजमान्यतेचा दर्जा दिला नाही. १७०१च्या सनदेने एकेश्वरावर श्रद्धा असणाऱ्या सर्वांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले. शासकीय पदे मात्र ख्रिस्ती व्यक्तींपुरतीच राखून ठेवली.

या आश्वासनामुळे युरोपातील छळ सोसणारे अनेक पंथ येथे आले. जर्मन भाषक क्वेकर आणि मेनोनाइट कुटुंबांनी १६८३ मध्ये जर्मनटाउन वसवले, तर मोरेव्हियन पंथीयांनी १७४१ मध्ये बेथलेहेम. लँकेस्टर परिसरातील आमिश समाज चर्चची इमारत बांधत नाही; त्यांची प्रार्थनासभा आळीपाळीने एकेका कुटुंबाच्या घरी भरते. क्वेकरांच्या पारंपरिक सभेत धर्मगुरू नसतो आणि बहुतांश वेळ मौन पाळले जाते.

फिलाडेल्फियात १७३३ मध्ये सेंट जोसेफ हे कॅथलिक चर्च सुरू झाले. इंग्लंडमध्ये त्या काळी कॅथलिकांच्या सार्वजनिक उपासनेस बंदी होती. त्यामुळे १७३४ मध्ये हा विषय वसाहतीच्या प्रशासकीय मंडळापुढे आला. मात्र पेन यांच्या सनदेमुळे तेथील उपासना सुरूच राहिली.

समान वागणूक सर्वांना लाभली असे नाही. श्वेतवर्णीयांच्या वर्चस्वाखालील चर्चमध्ये भेदभाव अनुभवल्यानंतर रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये फिलाडेल्फियात बेथेल चर्च स्थापन केले. गुलामगिरीत जन्मलेले ॲलन १८१६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र मेथडिस्ट संप्रदायाचे पहिले बिशप झाले. १७७६च्या राज्यघटनेतील शपथेत बायबलच्या नव्या कराराचाही स्वीकार अनिवार्य असल्याने ज्यू नागरिक विधिमंडळाबाहेर राहिले. ही अट १७९०च्या घटनेने रद्द केली.

शाळेत कोणते बायबल वाचावे, या वादाने १८४४ मध्ये हिंसक वळण घेतले. आयरिश स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलीत फिलाडेल्फियातील सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन कॅथलिक चर्च जाळण्यात आली. सार्वजनिक शाळांत दररोज बायबलमधील दहा वचने वाचण्याची सक्ती करणारा राज्याचा कायदा पुढे एका युनिटेरियन कुटुंबाच्या याचिकेनंतर न्यायालयात टिकला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये असे वाचन आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवले.

स्थलांतरविषयक कायदा १९६५ मध्ये बदलल्यानंतर आशियाई धर्मीयांची संख्या वाढली. तिरुपतीच्या धर्तीवरील श्री वेंकटेश्वर मंदिर १९७०च्या दशकात पिट्सबर्गजवळ उभे राहिले. हे अमेरिकेतील सुरुवातीच्या पारंपरिक शैलीच्या हिंदू मंदिरांपैकी एक होय.

याच पिट्सबर्ग शहरातील ‘ट्री ऑफ लाइफ’ या ज्यू प्रार्थनास्थळावर २७ ऑक्टोबर २०१८ रोजी झालेल्या गोळीबारात ११ उपासक ठार झाले. त्यानंतर पीडित कुटुंबांना साहाय्य करण्यासाठी मुस्लिम संघटनांनी निधी उभारला. सनदेने तीन शतकांपूर्वी दिलेले आश्वासन प्रत्येक समाजापर्यंत पोहोचण्यासाठी न्यायालयीन लढे, घटनादुरुस्ती आणि शेजाऱ्यांची साथ या साऱ्यांची गरज भासली, असे या राज्याचा इतिहास दर्शवतो.