सिरोंच्याचा हरवलेला धाविक

१/
गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरी संगमाजवळ सिरोंचा वसले आहे. जगातील अतिदुर्मीळ पक्ष्यांपैकी एकाच्या इतिहासात या गावाचे नाव आहे. मात्र ती नोंद दीडशे वर्षांपूर्वीची. पक्ष्याचे नाव जेर्डनचा धाविक.

२/
टी. सी. जेर्डन या डॉक्टरने मिळवलेल्या या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लिथ यांनी १८४८ मध्ये केले. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'दोन कंठ्यांचा'. छातीवरचे दोन तपकिरी पट्टे हीच त्याची पहिली खूण. माळावर दिवसा धावणाऱ्या नेहमीच्या धाविकाला असे पट्टे नसतात.

३/
१८६७ ते १८७१ या काळात भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांना तो गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचा व भद्राचलमच्या परिसरात आढळला. खडक तपासणारा हा अधिकारी पक्ष्यांचीही टिपणे ठेवत असे. त्या सवयीमुळेच सिरोंचा नकाशावर आले.

४/
१९०० मध्ये अनंतपूरजवळ हॉवर्ड कॅम्पबेल यांनी तो पाहिला. त्यानंतर ८५ वर्षे एकही नोंद नाही. पक्षी नामशेष झाला, असे मानले गेले.

५/
वस्तुतः चूक वेळेची होती. शोध दिवसा चालला होता आणि पक्षी निशाचर होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कडप्पा भागातील गावांत त्याचे चित्र दाखवले, तेव्हा स्थानिक पारध्याने ते ओळखले. जानेवारी १९८६ मध्ये त्याने रात्री विजेरीच्या उजेडात पक्षी पकडला आणि संशोधक भारत भूषण यांच्या हाती पुरावा आला.

६/
तेलुगूत त्याला 'कलिवी कोडी' म्हणतात. कलिवी हे काटेरी झुडूप, कोडी म्हणजे कोंबडी. विद्वानांनी ज्याला मृत ठरवले, त्याला लोकभाषेत नाव होतेच.

७/
पुढे झुडपांमध्ये मातीचे मऊ पट्टे अंथरून पावलांचे ठसे शोधले गेले, रात्रीचे कॅमेरे लागले, आवाज टिपले गेले. दीर्घ खंडानंतर २०२५ मध्ये हौशी पक्षीनिरीक्षकांनी कडप्पा भागात त्याचा आवाज पुन्हा नोंदवला.

८/
आणि सिरोंचा? चंद्रपूर-गडचिरोलीकडे येणाऱ्या हौशी निरीक्षकाचे लक्ष वाघाकडे असते. काटेरी झुडपांचा विरळ माळ कोणाला जंगल वाटत नाही. तो 'पडीक' ठरतो आणि नांगराखाली आधी जातो. धाविकाचे घर मात्र तेच.

९/
म्हणून येथे छंदालाही पुराव्याची शिस्त हवी. तारीख, ठिकाण, वेळ, आवाज आणि खुणा लिहून ठेवाव्यात. 'शोधले, दिसला नाही' हेही लिहावे, पण कोणत्या प्रहरी शोधले, त्यासह. ८५ वर्षांच्या त्या शांततेने शिकवले ते एवढेच : नोंद नसणे म्हणजे पक्षी नसणे नव्हे.