स्वनिर्मित रिंगटोन

स्वनिर्मित रिंगटोन म्हणजे स्मार्टफोनधारकाने स्वतःजवळील संगीताच्या फाइलमधील निवडक भाग कापून विनामूल्य तयार केलेली, कॉल आल्याची सूचना देणारी धून होय.

निर्मिती

ऑडॅसिटीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा सुमारे ३० सेकंदांचा भाग निवडून उरलेला वगळतात. धून मध्येच तुटल्यासारखी वाटू नये म्हणून शेवटी आवाज क्रमाने उतरवतात. अँड्रॉइड प्रणालीत एमपी३ किंवा ओजीजी स्वरूपातील ही फाइल ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये ठेवल्यास ती सेटिंग्जमधील ध्वनींच्या यादीत दिसते. आयफोनसाठी ‘एम४आर’ स्वरूप वापरले जाते. ॲपलच्या गॅरेजबँड या विनामूल्य ॲपद्वारे आयफोनवरच रिंगटोन तयार करता येते. मात्र तिची लांबी ३० सेकंदांपेक्षा अधिक असू शकत नाही.

मर्यादा

स्ट्रीमिंग सेवांवरून ऑफलाइन ऐकण्यासाठी उतरवलेली गाणी सामान्यतः कूटबद्ध असल्याने त्यांपासून रिंगटोन बनवता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र, असंरक्षित फाइल जवळ असावी लागते. भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ अन्वये खासगी वापरासाठीचा उचित व्यवहार उल्लंघन ठरत नाही. तथापि, प्रताधिकारित गाण्याची रिंगटोन विकण्यासाठी हक्कधारकाची परवानगी आवश्यक असते.