लहान चणीचे खाशाबा

आमच्या वरवे बुद्रुकवरून जाणारा सातारा रस्ता पुढं कराडला पोचतो. तिथल्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव अंगानं लहानखुरे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. तरीही १९५२च्या हेलसिंकीसाठी त्यांना आधी डावललं गेलं. त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती धरली आणि जिंकली. उरला प्रवासखर्च. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४मध्ये ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर आला. काट्यावर पैलवानाचं वजन कळतं. त्याचं मोल मात्र गावाला आधी कळलं, सरकारला फार उशिरा.