दुसरा कर्णा

दिवाळीच्या खरेदीत घरच्या गाण्याच्या यंत्राला नवे काय आणावे, असा वाद निघाला की मला अ‍ॅलन ब्लूमलीन आठवतो. हा इंग्रज इंजिनियर १९३१ च्या सुमारास पत्नीसह बोलपटाला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले, असे सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटासाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन निराळे आवाज कोरण्याची युक्ती त्यात होती.

१९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला. वय अवघे ३८. त्या तऱ्हेच्या तबकड्या दुकानांत सर्रास आल्या त्या १९५८ साली.

तेव्हा जाणत्या गृहस्थाने आधी काय बदलावे? दुसरा कर्णा आणण्याआधी सुई! जुन्या तबकडीवर ती बहुधा आडवीच हले. नव्या खाचेत तिला वरखालीही हलावे लागे. जुन्या कार्ट्रिजमधली ताठर सुई नवी खाच खरवडून काढी. मग दुसरा ध्वनिवर्धक आणि दुसरा कर्णा. पण दोन्ही कर्णे एका फळीवर चिकटून ठेवले, तर सारा खर्च पाण्यात!

म्हणून वाचकहो, पाकीट उघडण्यापूर्वी सुई झिजली आहे का ते पाहा. कर्णे एकमेकांपासून दूर सारा आणि दोघांपासून सारख्या अंतरावर बसा. घरोघर वाजणाऱ्या या तबकड्या ऐकायला ब्लूमलीन उरला नाही. आपल्याला ते सुख मिळते, आणि त्यातले निम्मे तर फुकट!